आशाताईंना साथ कशी द्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात घरोघरी जाऊन आरोग्याचं काम करणाऱ्या आशा स्वयंसेविका आणि त्यांच्या गटप्रवर्तक यांच्या प्रशिक्षणाचं काम मी करते. बैठक संपल्यावर चहाच्या वेळी, रात्री फोनवर, कधी एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून, तेच तेच प्रश्न येत राहतात. काही घरच्या माणसांचे असतात, काही सरपंचांचे, काही नव्या डॉक्टरांचे आणि बरेचसे खुद्द आशाताईंचे. ते इथं एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या व्यवस्थेला धरून आहेत. रकमा शासन निर्णयानुसार बदलतात, म्हणून गरज आहे तिथं वर्ष दिलं आहे.

१. आशाताई म्हणजे नक्की कोण? सरकारी नोकर का?

नाही, आणि तिच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथंच आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा, असं ठरलं. डोंगराळ आणि आदिवासी भागात ही अट शिथिल आहे, कारण तिथं पाडे विखुरलेले असतात. आशा त्याच गावातली हवी, शक्यतो त्या गावची सून किंवा विधवा, परित्यक्ता बाई, म्हणजे ती गाव सोडून जाणार नाही. कागदोपत्री ती ‘स्वयंसेविका’ आहे. त्यामुळे तिला वेतनश्रेणी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, हक्काची रजा नाही. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेनं योजनांवर काम करणाऱ्या या बायकांना कामगार मानावं अशी शिफारस केली होती. आजही त्या स्वयंसेविकाच आहेत.

राज्यात ७० हजारांहून जास्त आशा आहेत. साधारण २० ते २५ आशांमागे एक गटप्रवर्तक असते. गटप्रवर्तक म्हणजे त्यांची मार्गदर्शक, हिशेब तपासणारी आणि अडचणीला पहिला फोन उचलणारी बाई.

२. मग त्यांना महिन्याला मिळतं तरी किती?

सगळ्यांना सारखं मिळत नाही. पैसे तीन वाटांनी येतात. नेहमीच्या ठरलेल्या कामांसाठी केंद्राकडून महिन्याला एक रक्कम येते. २०१८ मध्ये ती १,००० वरून २,००० झाली आणि मार्च २०२५ च्या निर्णयानं ३,५०० झाली. दुसरी वाट राज्याच्या मानधनाची. त्यात लांबलेल्या संपानंतर नोव्हेंबर २०२३ पासून दरमहा ५,००० रुपयांची वाढ मिळाली. तिसरी वाट कामावर आधारित मोबदल्याची, म्हणजे काम होईल तसा पैसा. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की १०० रुपये, दुसऱ्या वर्षाचं झालं की ७५. नवजात बाळाच्या सगळ्या गृहभेटी पूर्ण झाल्या की २५०. क्षयरुग्णाला औषधोपचार पूर्ण करायला साथ दिली की १,०००.

ही तिसरी वाट वाटते तेवढी सरळ नाही. प्रसूतीसाठीचा ग्रामीण भागातला ६०० रुपयांचा मोबदला (३०० गरोदरपणातल्या पाठपुराव्याचे, ३०० दवाखान्यात नेण्याचे) जननी सुरक्षा योजनेत बसणाऱ्या मातेपुरता आहे. आपल्या राज्यात या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माता बसतात. योजनेत न बसणाऱ्या बाईच्या कळा रात्री दोनला सुरू झाल्या तरी आशाताई तिच्याही सोबत जाते. ते जाणं कुठल्याही बिलात दिसत नाही. ‘तुम्हाला केसमागे पैसे मिळतातच की’ असं तिला ऐकवण्याआधी हे माहीत असावं.

३. आशा, अंगणवाडीताई, सिस्टर, सीएचओ: कुणाकडे कशासाठी जायचं?

पोषण आहार, बाळाचं वजन-उंची आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांची अंगणवाडी हे अंगणवाडीताईंचं काम. लस टोचणं आणि गरोदरपणातली तपासणी उपकेंद्राच्या सिस्टर म्हणजे एएनएम करतात. बीपी, शुगर आणि किरकोळ आजारासाठी उपकेंद्रातल्या सीएचओंकडे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. आशाताई या सगळ्यांपर्यंत तुम्हाला पोचवते आणि पुन्हा घरी येऊन बघते. तिच्याकडे पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, लोहाच्या गोळ्या, गर्भनिरोधक साधनं आणि गरोदर तपासणीचं किट असतं. इंजेक्शन द्यायला किंवा सलाईन लावायला तिला सांगू नका. ते तिचं काम नाही. कुणाच्या आग्रहाखातर तिनं केलं आणि काही बिघडलं, तर तिच्या पाठीशी कुणी उभं राहत नाही.

४. बाळ-बाळंतीण दोघंही ठणठणीत आहेत. आशाताई तरी का सारख्या येतात?

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन करते, काखेत थर्मामीटर लावते, घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजते, नाळ बघते. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाणं, दूध ओढायचं बंद होणं, अंग गार पडणं किंवा तापणं, बाळ मलूल होणं, नाळेतून पू येणं, झटके येणं: यातलं एकही दिसलं तर ताबडतोब दवाखाना.

या भेटींना आपल्याच मातीतला इतिहास आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून ही पद्धत देशभर आशांच्या हाती आली. पुढं २०१८ मध्ये तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या बाळांसाठी आणखी पाच भेटी जोडल्या गेल्या.

घरच्यांनी काय करायचं? ती आली की बाळाला दाखवा. ‘आत्ताच झोपलंय, उद्या या’ म्हणू नका, कारण आज सातवा दिवस असेल तर उद्या आठवा असतो. हात धुवायला पाणी आणि साबण पुढं करा. सव्वा महिना बाहेरच्यांचा वारा लागू द्यायचा नाही, असं घरात मानत असतील तर तिला दारातून परत पाठवू नका. स्वच्छ हात धुऊन आत आलेल्या आशाताईमुळे बाळाला धोका होत नाही, तिला परत पाठवल्यानं होऊ शकतो. मुलगी माहेरी बाळंत झाली असेल तर प्रश्न १६ पाहा.

५. प्रसूतीसाठी सोबत आलेल्या आशाताईची सोय कुणी बघायची?

या प्रश्नावर मी जरा थांबणार आहे, कारण इतकी वर्षं ऐकलेल्या तक्रारींत ही पहिली आहे.

रात्री अकराला फोन येतो. १०२ किंवा १०८ ला फोन लावून गाडी बोलावली जाते. घरचं एखादं माणूस, पेशंट आणि आशाताई निघतात. आरोग्य केंद्रात तपासून ग्रामीण रुग्णालयात पाठवतात, तिथून कधी जिल्ह्याला. पहाटे चारला बाळंतपण होतं. गाडी केव्हाच परत गेलेली असते. आशाताई व्हरांड्यातल्या बाकावर, नाहीतर जिन्याखाली. घरात तिचीही मुलं असतात. स्वच्छतागृह सापडत नाही. नोंदवहीवर सही घ्यायची असते आणि ड्युटी बदललेली असते. सकाळच्या एसटीचं भाडं ती स्वतःच्या पिशवीतून देते.

घरच्यांनी एवढं ठरवून ठेवावं: तिच्या जेवणाचं आपण बघायचं, परतीची सोय आपल्यासोबत करायची आणि बाळंतपण सुखरूप झालं की तिला थांबवून ठेवायचं नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, साध्या बाळंतपणात तीन आणि सिझेरियनमध्ये सात दिवसांपर्यंतचा आहार, आणि घरी परत सोडणारी गाडी, हे सगळं मातेला मोफत आहे. कुणी बाहेरून औषध आणायला सांगितलं तर आशाताईवर चिडू नका. तिला सोबत घेऊन वैद्यकीय अधीक्षकांना विचारा. ती एकटी विचारते तेव्हा तिला ओरडा बसतो. नातेवाईक सोबत असले की उत्तर मिळतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

रुग्णालयातल्या लोकांना कळकळीची विनंती आहे. एक खोली, दोन खाटा, एक पंखा, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह, एवढंच हवं. आणि रात्रीच्या ड्युटीवर असलेल्या सिस्टरनं सहीसाठी तिला ताटकळत ठेवू नये. ‘तुम्ही कोण? पेशंटच्या कोण लागता?’ असं विचारून तिला प्रसूतिगृहाच्या दारातून हाकलू नये. कळा देणाऱ्या बाईला त्या अनोळखी इमारतीत ओळखीचा चेहरा तेवढाच असतो.

६. मातृवंदना योजनेचे पैसे आले नाहीत. आशाताई लक्ष देत नाहीत का?

बहुतेक वेळा अडचण खात्यात असते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: नोंदणी आणि किमान एका तपासणीनंतर ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. खातं जुनं, व्यवहार नसल्यानं बंद पडलेलं. आधार भलत्याच खात्याला जोडलेलं: या तीन कारणांनी पैसे अडतात. आशाताई बँकेत जाऊन हे बदलू शकत नाही. ज्याचं खातं त्यालाच जावं लागतं. लग्नानंतर लगेच, गरोदरपणाची वाट न पाहता, सुनेचं आधार आणि खातं एकसारखं करून घ्या. तुमच्या गावात अर्ज आशाताई भरतात की अंगणवाडीताई, तेही एकदा विचारून ठेवा.

७. मोठं ऑपरेशन सांगितलंय. आशाताई आमच्यासोबत शहरात येतील का?

आली तर तिचा चांगुलपणा, तिच्यावर बंधन नाही. तिथं दुसरं माणूस असतं: आरोग्यमित्र. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या अंगीकृत, म्हणजे या योजनांत सामील असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना आहे. भरती होण्याआधी, पैसे भरण्याआधी, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्या कक्षात जा. गावातून निघताना आशाताईंकडून आधीचे सगळे कागद एका पिशवीत लावून घ्या आणि त्यांचा फोन नंबर आरोग्यमित्राला द्या. या दोघांचं एकदा बोलणं झालं की डिस्चार्जनंतरचा पाठपुरावा घरापर्यंत पोचतो.

८. मी नवी आशा आहे. बिलातले पैसे कापले गेले आणि कारण कुणी सांगत नाही. काय करू?

ताई, आधी तुमच्याकडे स्वतःची प्रत हवी. दर महिन्याचं बिल देण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. ज्या कामाची सही हवी ती त्याच दिवशी घ्या. महिनाअखेरीस सगळ्या सह्या एकदम मागायला गेलात की निम्म्या राहतात. पैसे जमा झाल्यावर पासबुक आणि बिल शेजारी ठेवा, फरक कुठल्या ओळीत आहे ते शोधा आणि गटप्रवर्तकांना ती ओळ दाखवा. ‘पैसे कमी आले’ या तक्रारीला उत्तर मिळत नाही. ‘अमुक बाळाचे गृहभेटीचे २५० आले नाहीत, ही तारीख, ही सही’ याला मिळतं. तिथं अडलं तर तालुका समूह संघटक, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा समूह संघटक. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पाच-सहा जणींची तीच अडचण असेल तर एकच अर्ज सगळ्यांच्या सहीनं द्या. एकटीवर राग निघत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. बाळ मधेच दुसऱ्या गावी गेलं आणि भेटी दोघींनी वाटून केल्या, तर पैशाचं काय ते आधीच गटप्रवर्तकांना विचारून घ्या. नंतर वाद होतो आणि दोघी आशांचं बोलणं बंद होतं.

९. मी गटप्रवर्तक आहे. वीस-बावीस आशा, महिनाभर फिरती. खरी मदत कशी करू?

प्रत्येकीकडे दर महिन्याला धावती भेट देऊन सही करण्यापेक्षा चार-पाच जणींसोबत अख्खी सकाळ काढा. तिच्यासोबत घरात जा, तिला बोलू द्या, स्वतः गप्प राहा. श्वास मोजताना ती घड्याळाकडे बघते की अंदाजे सांगते, काटा शून्यावर आणते की नाही, हे तेव्हाच कळतं. चूक दिसली तर त्या घरात बोलू नका. बाहेर, वाटेत सांगा. गावासमोर तिची चूक काढलीत तर त्या घरात पुढच्या वेळी तिचं कुणी ऐकत नाही.

निवड अशी करा: नवी आशा, जिच्या यादीत हाय-रिस्क (बाळंतपणात धोका संभवणारी) माता आहे ती आशा, घरात दुःख किंवा आजारपण असलेली आशा. बाकीच्यांना फोन. आणि तुमच्या आजवरच्या आशांपैकी जी हुशार आहे तिला नव्या आशेच्या जोडीला द्या. माझ्या प्रशिक्षणात जे चार दिवसांत उतरत नाही, ते जुनी आशा एका दुपारी शिकवते.

१०. मी पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नवीन वैद्यकीय अधिकारी आहे. मासिक बैठक कशी घ्यावी?

वेळेवर सुरू करा आणि एसटीच्या वेळेआधी संपवा. पहिला अर्धा तास त्यांच्या अडचणींना द्या, आकडे नंतर. ‘तुमच्या गावात लसीकरण कमी का?’ असं विचारलं की मान खाली जाते. ‘कुठल्या घरानं नाही म्हटलं, का म्हटलं?’ असं विचारलं की गोष्ट बाहेर येते, आणि तुम्हाला त्या घरी स्वतः जाता येतं. डॉक्टर एकदा आशासोबत दारात उभे राहिले की गावात तिचा शब्द वर्षभर चालतो.

तिनं पाठवलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर उलट दोन ओळी लिहून पाठवा: काय झालं होतं, काय दिलं, पुन्हा कधी बघायचं. आणि ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल संपू देऊ नका. रिकाम्या पिशवीनं दारोदार फिरायला तिला फार लाज वाटते.

११. ग्रामपंचायत काय करू शकते?

बरंच काही. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणारा निधी असतो. समितीची बैठक खरोखर घ्या आणि त्यात आशाताईला बोलायला लावा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के खर्च महिला व बालकल्याणावर करायचा असतो. तो कशावर करायचा हे ग्रामसभेत ठरवताना अंगणवाडीत पडदा लावलेली तपासणीची जागा, तिथं पाणी, चालू वजनकाटा, हे विषय मांडा. रात्री गाडी पोचेपर्यंत वेळ लागणाऱ्या पाड्यांत कुणाची जीप, कुणाचा ट्रॅक्टर मिळेल, त्या चार नावांची यादी भिंतीवर रंगवा. आशाताईच्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा लावा. हा शेवटचा मुद्दा मला एका सरपंचबाईंनी सुचवला, मला स्वतःला सुचला नव्हता.

१२. घरातले तयार नाहीत. दवाखाना नको म्हणतात. आशाताई जबरदस्ती करू शकतात का?

नाही, आणि करूही नये. पण नकार कशाचा आहे ते शोधायला हवं. ‘नको’ म्हणणाऱ्या घरात खरा अडसर बहुधा दुसराच असतो: म्हैस कोण पिळणार, मोठ्या पोराला कोण सांभाळणार, मजुरी बुडाली तर आठवडा कसा जाणार, मागच्या वेळी दवाखान्यात अपमान झाला होता. म्हणून आशाताईनं आधी विचारावं आणि एकेक गाठ सोडवावी. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ असतं. बाळंतपणाआधी काही दिवस येऊन राहायचं, सोबत एक माणूस आणि लहान मूलही चालतं. कुपोषित बाळाला भरती केलं तर आईला बुडीत मजुरी मिळण्याची सोय आहे. या गोष्टी घरच्यांना माहीत नसतात.

भगताकडे जाण्यावरून घरच्यांशी भांडू नका. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर डंबा देतात, म्हणजे तापलेल्या लोखंडाचे चटके देतात. तिथं नुसतं ‘अडाणी’ म्हणून काही साधत नाही. भगतालाच सांगायचं: तुमची पूजा करा, पण चटका नको, आणि बाळ दूध पीत नसेल तर आमच्याकडे पाठवा. अशा पद्धतीनं भगत स्वतः पेशंट पाठवायला लागलेले मी पाहिले आहेत.

तरीही नकारच आला तर आशाताईनं तारीख, वेळ आणि कुणाशी बोलली ते डायरीत लिहावं आणि त्याच तासाला सिस्टर आणि डॉक्टरांना कळवावं. पुढची जबाबदारी एकट्या तिची नाही.

१३. ऑनलाइन नोंदी, ओटीपी, ॲप. यात मदत कशी करायची?

ओटीपी मागितला की घरचे दचकतात, आणि दचकणं बरोबरच आहे. आभा (डिजिटल आरोग्य खातं) किंवा आयुष्मान कार्ड काढताना आधारचा ओटीपी लागतो. तो समोरासमोर, मेसेज वाचून सांगायला हरकत नाही. बँकेचा ओटीपी आशाताई कधीच मागत नाही. फोनवरून कुणी ‘आशाताई बोलतेय’ म्हणून मागितला तर देऊ नका. घरात शिकलेली मुलगी-मुलगा असेल तर आशाताईच्या मोबाइलवरची नोंद भरायला अर्धा तास द्या, पण दुसऱ्यांच्या घरची माहिती त्यांना दिसणार नाही एवढं बघून. का, ते पुढच्या प्रश्नात आहे.

१४. आशाताईला गावातलं सगळं माहीत असतं. ती कुणाला सांगणार नाही ना?

सांगायचं नसतं. कुणाला दिवस गेलेत, कुणी गर्भपात केला, कुणाला टीबी आहे, हे घराबाहेर जाता कामा नये. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे: त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय माहिती उघड करता येत नाही. नवऱ्याच्या मोबाइलवर बायकोचा रिपोर्ट पाठवणं, व्हॉट्सॲप गटात हाय-रिस्क मातांची नावं फोटोसह टाकणं, बैठकीत मोठ्यानं नाव घेणं, हे चांगल्या हेतूनंही होतं आणि तितकंच चुकीचं असतं. अधिकाऱ्यांनी असे फोटो मागितले तर आशाताईनं गटप्रवर्तकांमार्फत ‘नावाऐवजी नोंदणी क्रमांक देऊ का?’ असं विचारावं. गावानंही तिला पारावर उभं करून ‘अमकीचं काय झालं गं?’ असं विचारू नये.

१५. मुलगी सोळाची आहे, लग्न झालंय, दिवस गेलेत. आशाताईनं गप्प राहावं का?

नाही. गुप्ततेच्या नियमाला असलेला हा अपवाद आहे आणि आशाताईंना यातच सगळ्यात जास्त भीती वाटते. अठरा वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा पॉक्सो कायद्यानं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानं) गुन्हा आहे, लग्न झालेलं असलं तरी. माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे. म्हणून आशाताईनं ही गोष्ट मनात न ठेवता लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगावी. पोलिसांना कळवण्याचं काम तिथून होऊ द्यावं, म्हणजे गावात एकट्या तिच्यावर रोष येत नाही. मुलीची तपासणी, लोहाच्या गोळ्या, बाळंतपणाची तयारी यातलं काहीही थांबता कामा नये. पोलिसांच्या भीतीनं मुलीला लपवून घरीच बाळंत केलं तर तिच्या जिवावर बेतू शकतं. मुलीला गर्भपात हवा असेल तर २०२२ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, तिनं किंवा पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांना पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करावं लागत नाही.

लग्न अजून व्हायचं असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून ग्रामसेवकांवर जबाबदारी असते. फोन करणाऱ्याचं नाव सांगावं लागत नाही.

१६. लेक माहेरी आलीय, किंवा कुटुंब ऊसतोडीला जातंय. कुठली आशा बघणार?

ज्या गावात बाई आणि बाळ आज आहेत, तिथली. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा, लस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते. ऊसतोडीला दिवाळीच्या आसपास टोळी निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. त्या पाच-सहा महिन्यांत कोपीवरची (ऊसतोडीच्या तात्पुरत्या झोपडीतली) गरोदर बाई दोन्ही गावांच्या यादीतून निसटते. निघण्याआधी गावच्या आशानं कारखान्याचं नाव, मुकादमाचा नंबर आणि बाईची पुढची तपासणी कधी आहे ते लिहून घ्यावं. फडाजवळच्या आशानं कोप्यांवर एक फेरी मारावी. मुकादमानं तपासणीच्या दिवशी तिचा खाडा धरू नये. हे त्याला डॉक्टरांनी किंवा सरपंचानं सांगितलं तर तो ऐकतो.

१७. कामावर असताना कुणी छेड काढली, अंगावर आलं तर?

मारहाण किंवा धमकी असेल तर ११२, आणि त्याच दिवशी पोलिस ठाण्यात तक्रार. डॉक्टरांनी किंवा गटप्रवर्तकांनी सोबत जावं. लैंगिक छळ असेल आणि करणारा कर्मचारी किंवा अधिकारी असेल तर कार्यालयाच्या अंतर्गत समितीकडे, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतल्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते. ‘तू कर्मचारी नाहीस, स्वयंसेविका आहेस’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात स्वयंसेवी तत्त्वावर काम करणारी बाईही येते आणि कामासाठी जिथं जावं लागतं ते घर, ती गाडी हीही कामाची जागाच धरली जाते. तक्रारीची मुदत तीन महिने. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास शिक्षा वाढवणारी दुरुस्ती २०२० मध्ये साथरोग कायद्यात झाली. त्यात गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते येतात, पण ती साथीपुरतीच.

१८. अपघात झाला, किंवा काम सोडलं, तर हातात काय?

कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू झाला तर १० लाख आणि कायमचं अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, असा निर्णय राज्यानं २०२४ मध्ये आशा आणि गटप्रवर्तकांसाठी घेतला. याशिवाय जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा या केंद्राच्या योजनांत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे. २०२४ पासून आशांना आयुष्मान योजनेतही घेतलं आहे. किमान दहा वर्षं काम करून बाहेर पडणाऱ्या आशेला मिळणारी रक्कम २०२५ मध्ये २०,००० वरून ५०,००० झाली. आजच एक काम करा: सगळीकडे वारसाचं नाव बरोबर आहे का ते पाहा. लग्नाआधीचं नाव, वारलेल्या सासऱ्यांचं नाव तसंच राहिलेलं असतं आणि नंतर पोरांना हेलपाटे पडतात.

१९. आशाताई संपावर गेल्या की आमचे हाल होतात. गावानं काय करावं?

तुमचे हाल होतात हे खरं आहे. २०२३-२४ मध्ये त्या दोनदा संपावर गेल्या आणि आझाद मैदानात बसल्या, तेव्हा कित्येक गावांना पहिल्यांदाच कळलं की लसीकरणाची यादी कुणाच्या डायरीत असते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला होता. त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच त्यांना मानधनासाठी मैदानात बसावं लागलं. संपाच्या दिवसांत गरोदर बाईची तारीख, बाळाची लस स्वतः लिहून ठेवा, सिस्टरांना थेट फोन करा, आणि आशाताईंच्या दारात जाऊन ‘आमचं काय?’ विचारण्याऐवजी ग्रामसभेचा ठराव करून वर पाठवा. मानधन थकलेलं असेल तर हे संपाआधीच करा.

२०. माझ्या गावातलं बाळ गेलं. मी सगळं केलं होतं. आता त्या घराकडे पाय वळत नाही.

हा प्रश्न एका आशेनं मला रात्री मेसेजवर विचारला. शब्द थोडे वेगळे होते. असे मेसेज आणखीही येतात, म्हणून तो इथं घेतला.

ताई, बालमृत्यूची चौकशी होते ती पुढचं बाळ वाचावं म्हणून. तिथं जे घडलं ते तारखेनिशी सांगा. सोबत गटप्रवर्तकांना घेऊन जा. चौकशीत कुणी आवाज चढवला तर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिथंच थांबवावं, ते त्यांचं काम आहे. झोप लागत नसेल, रडू थांबत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कधीही फोन करा. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

गटप्रवर्तकांनी त्या आठवड्यात तिला कुठलाही अहवाल मागू नये. शेजारच्या गावच्या आशानं तिच्या दोन गृहभेटी कराव्यात. आणि तिला एकटीला त्या घरी पाठवू नका. तिच्यासोबत जा, त्या आईजवळ बसा. आईला दूध दाटून ताप येतो, त्याचं काय करायचं ते सांगायला कुणीतरी जावंच लागतं. ती आई बहुतेक वेळा आशाताईचीच वाट बघत असते, कारण बाळाचं वजन किती भरलं होतं हे घराबाहेर तिलाच माहीत असतं.